वरची मोरी

आमचं दुकान खाली, घर वर, आणि मोरी मागच्या अंगणात. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्या उभ्या लाकडी जिन्यानं त्यांना वरच कोंडून टाकलं. आई आधीच गेलेली. मग रोज सकाळी ओल्या पंच्यानं त्यांचं अंग पुसायचं काम माझ्याकडं आलं. मी लग्नाची मुलगी. ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे आणि जरा वेळानं म्हणायचे, "साकु." आमच्या घरात निम्मं कानडी, साकु म्हणजे पुरे. झटक्यानंतर चार-दोन शब्दच त्यांच्या तोंडून नीट यायचे, त्यातला हा एक.

खरं दुखणं वेगळंच होतं. आम्ही लिंगायत; आंघोळ केल्याशिवाय त्यांनी जन्मात लिंगपूजा केली नव्हती. पुसलेल्या अंगानं गळ्यातलं लिंग ते तळहातावर घेईनात. मठातले स्वामी येऊन सांगून गेले, आजारी माणसाला चालतं म्हणून. अण्णांनी मान फिरवली ती फिरवलीच. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं! पूजेची वेळ झाली की भिंतीकडं तोंड करून पडायचे. ते मला बघवायचं नाही.

शेवटी मी दादाच्या मागं लागले, वरच मोरी करू. डावा हात चांगला आहे, पाटावर बसून स्वतःच्या हातानं घेतील तांब्या. शहाबादी फरशी घालून टाकू, झालं.

दादानं बोलावलेल्या मेस्त्रींनी कोपऱ्यात पाय आपटून बघितला. म्हणाले, "ताई, खाली लाकूड हाय. त्येला आधी नीट केल्याबिगर फरशी बसायची न्हाय."

मग फळ्यांवरची जुनी माती उकरली. खाली तीन फळ्या वाळवीनं खाल्लेल्या निघाल्या. त्या बदलल्या, वरून आडव्या नव्या फळ्या ठोकल्या. पाणी लाकडात जाऊ नये म्हणून डांबर फासलं, आणि ते ओलं असतानाच त्यावर वाळू भुरभुरली, वरचा सिमेंटचा थर धरावा म्हणून. आठ दिवस घरभर धूळ आणि वास. अण्णा खाटेवरून सगळं टक लावून बघायचे. मेस्त्री जाताना बजावून गेले, "सोमवारी येतो. तवर हितं काय बी करू नका."

आणि मी काय केलं? सोमवारी पहिल्या फरशीची पूजा करायची होती. त्या काळ्याकुट्ट डांबरावर हळदकुंकू वाहायचं? माझं मन धजेना. पहाटे उठून मी सगळी जागा शेणानं सारवली, वर रांगोळी काढली. केवढी ऐट वाटली मला!

मेस्त्री आले आणि दारातच थबकले. "शेण कशाला लावलं, ताई?"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग पूजा काय डांबरावर करायची?"

बिचाऱ्यांनी वाकून बोटानं शेण चाचपलं. पूजेची जागा, तीही सारवलेली, खरवडायची कशी? "पातळच हाय की," असं स्वतःशीच पुटपुटले आणि त्यावरच थर घालून फरशी बसवली.

पंधरा दिवस फरशी ओली ठेवली. मग अण्णांना पाटावर बसवलं, कोमट पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि मी दाराआड उभी राहिले. पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. दुसरा. मला रडूच कोसळलं. तिसऱ्याला खालून दादा ओरडला, "अगं, पाणी थांबव! साखरेच्या पोत्यावर गळतंय!"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. "साकु," अण्णा म्हणाले. अंगाला साबणसुद्धा लागला नव्हता.

मेस्त्रींनी पहार लावली तर थरासकट फरशी पापडासारखी उचलली गेली. तिच्या पाठीला माझं शेण चिकटलेलं, हिरवट, वाळकं. डांबराला काहीच धरलं नव्हतं, आणि फरशीखाली शिरलेलं पाणी कडेच्या फटीतून गळलं होतं. मेस्त्रींनी ती तशीच उलटी भिंतीला टेकवून ठेवली.  पुन्हा करू, सवडीनं करू, असं दादा म्हणत राहिला. मी पुन्हा पंचा हातात घेतला. अण्णा आता साकुसुद्धा म्हणेनात.

दिवाळीच्या आधी ते गेले. जो जिना दोन वर्षं उतरता आला नाही, त्यावरून चौघांनी त्यांना खाली नेलं. मागच्या अंगणात बसतं करून घागरीच्या घागरी ओतल्या, धो धो. मी वरच्या खिडकीतून बघत होते. स्वामींनी कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात, ती दादानं धरून मिटवली.

आता हरकत नव्हती. आंघोळ झाली होती.