लिंगैक्य हे पद घटनेत नाही

माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी अप्पांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ती आधी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर आवक शिक्का हाणला, क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि मग कुठे डोळे पुसत म्हणाले, "लई आनंद झाला बगा, सर."

उदगीरच्या आमच्या कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेत अप्पा कारकून होते, हिशेबनीस होते आणि धर्मादाय कार्यालयात चपला झिजवणारेही तेच. मी मुलींना बोलायला शिकवायचो आणि अप्पा संगणकाला हात लावत नसल्यामुळे मेलही मीच बघायचो. ते म्हणत, "ज्याच्यावर शिक्का मारता येत न्हाई, तो कागद कसला?" मी हसायचो. हसणं हे माझं शाळेतलं दुसरं काम होतं.

अप्पांचं एक वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवायला हवं होतं: "आधी कागदाला जेवू घाला, मग पोरी जेवतेत." फायलीला सहपत्रं लागायची, ती ते ताटात वाढल्यासारखी लावायचे. संस्थेच्या घटनेची प्रत, ठरावाची प्रत, विश्वस्तांची यादी. एकदा वरच्या साहेबांनी विचारलं, "एवढं कशाला जोडलंत?" अप्पा म्हणाले, "उपाशी फाईल परत येती, साहेब. गुरासारखी."

शाळा काढली गुरुजींनी. अप्पा त्यांचे विद्यार्थी. गुरुजी गेले, तेव्हा अप्पा तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि ठरावाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'संस्थेचे अध्यक्ष गुरुजी हे लिंगैक्य झाल्याने पुढील व्यवस्था करणेबाबत.' आमच्याकडे शिवभक्त माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. हे उदगीरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पुण्यातल्या कंपनीला ठाऊक नव्हतं. शाळेचं अन्न, भाडं, शिक्षकांचे पगार, सगळं त्या एका कंपनीच्या वार्षिक देणगीवर चालायचं. त्यांनी विश्वस्तांमधल्या बदलाचा ठराव मागवला, आम्ही पाठवला. उत्तर आलं: 'ठरावानुसार अध्यक्ष लिंगैक्य झाल्याचे दिसते. लिंगैक्य हे पद घटनेत नाही. तरी पदोन्नतीबाबतचा खुलासा व संबंधितांची नवीन सही पंधरा दिवसांत सादर करावी. मुदतीनंतर प्रस्ताव आपोआप बाद होईल.'

काय सांगू! मी ते मेल छापून खिशात घातलं. चहाच्या टपरीवर वाचलं, स्टेशनवर वाचलं, एका साखरपुड्यात तर खुर्चीवर उभा राहून आवाज काढून वाचलं. लोक पोट धरून हसले. अप्पांनाही वाचून दाखवलं.

ते हसले नाहीत. "नवी सही? ती आणायला मलाच वर जावं लागंल," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "मेल कवा आलं, सर?"

"सोमवारी."

"नवा ठराव करावा लागतो."

"सोपंय अप्पा. मयत लिहा."

"गुरुजींना मयत लिवू? सातबाऱ्यावर लिवल्यासारखं?"

"मग निधन लिहा."

"निधन पेपरात असतंय."

आठ दिवस ते त्या एका शब्दाशी झुंजले. नवव्या दिवशी वही उघडली, 'निधन' लिहिलं आणि पेन टोपण न लावताच ठेवलं. मग एसटीने देगलूरला गेले, अंथरुणाला खिळलेल्या विश्वस्तांची सही घेतली; तिथून निलंग्याला, दुसऱ्या विश्वस्तांकडे. कागद माझ्या हाती दिले, तेव्हा पंधरावा दिवस होता. मी लगेच पाठवले आणि ऐटीत म्हणालो, "मुदतीत, अप्पा!"

परत आलं ते एका ओळीचं उत्तर: मुदत दोन दिवसांपूर्वी संपली आहे.

मेल आलं होतं शनिवारी. मी उघडलं सोमवारी. आम्ही पुण्याला फोन केले, मी गाडीत बसून तिथेही गेलो. एक मुलगी फार वाईट वाटून म्हणाली, "सर, सिस्टीम आता उघडतच नाही हो." त्या वर्षाचा पैसा दुसऱ्या संस्थेला गेला होता. दुसरा देणगीदार शोधला, मिळाला नाही. घरमालक चार महिने थांबला, किराणावाला तीन.

"माज्या एका शब्दापायी गेलं सगळं," अप्पा म्हणत. येईल त्याला म्हणत. गावभर बोलणारा मी, शनिवार आणि सोमवारातलं अंतर त्यांना सांगू शकलो नाही. अजून सांगितलेलं नाही. आता ते फोनही उचलत नाहीत.

शाळेच्या शेवटच्या दिवशी बावीस मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले टेबलावर होते. कारणाच्या रकान्यात अप्पा एकेक करून लिहीत होते: 'पालकांच्या विनंतीवरून.'

"अप्पा, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"शाळा बंद पडली म्हणून लिवलं, तर पुढची शाळा शंभर कागद मागंल. ते कोन देणार? आपुन तर नसू. पोरींचं वरीस जाईल, सर."

धर्माबादहून एक बाप मुलीला न्यायला आला होता. त्याने दाखला हातात घेतला, एकेक अक्षर जुळवत वाचला, आणि पुन्हा वाचला.

"म्या कवा इनंती केली, अप्पा? म्या तर ठिवून घ्या म्हणलो."

अप्पांनी शाईचं पॅड त्याच्यापुढे सरकवलं. "पोच द्या. इथं सही करा, न्हाई तर अंगठा."

मुलगी बापाच्या शेजारीच होती, पेटीवर हात ठेवून. तिला ऐकू येत नव्हतं. पण ओठ वाचायला तिला मीच शिकवलं होतं. बापाचा प्रश्न तिने नीट वाचला होता, आणि आता ती उत्तरासाठी अप्पांच्या ओठांकडे बघत उभी होती.