पायरीवर ठेवलेला नारळ

नारळ तात्यांनी पायरीवर ठेवला. माझ्या हातात नाही. देवळाच्या सभामंडपाची सगळ्यात खालची पायरी, तिच्यावर घडी घातलेली शाल, शालीवर नारळ. मग दोन पावलं मागे सरून माइकवर म्हणाले, "उचल गो, उचल."

तात्या म्हणजे आमच्या गावचे मानकरी. पालखीच्या दिवशी गुणवंतांचे सत्कार ठेवले होते. माझ्याआधी चार पोरं झाली. दोघे बारावी पास, त्यातल्या एकाला दोन खेपा लागल्या. एकजण गोव्यात हॉटेलात लागला म्हणून. चौथ्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. चौघांनाही वर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला, पाठीवर थाप मारली. मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. बी.एस्सी., पहिला वर्ग. मला खाली अंगणातच थांबवलं.

त्याआधी पाच मिनिटं याच माणसाचं भाषण झालं होतं. "पूर्वी माणसाला माणसाची किंमत होती. आता मोबाइल आले आणि संस्कार गेले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती लाज अजून जात नाही.

मी वाकले नाही. मागून आयेचा आवाज आला, "उचल गो बाय. लोकां बघतत."

माझा बापूस चार हातांवर गळ्यात ढोल अडकवून उभा होता. पालखीपुढे ढोल वाजवणं हे आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गाव त्याला आमचा मान म्हणतं. हा मान अंगणात उन्हात उभं राहून वाजवायचा. पालखी आत गेली की आम्ही बाहेर. बाबांचा नारळही दरवर्षी याच पायरीवर ठेवतात. ते वाकून घेतात, कपाळाला लावतात. लहानपणी मला वाटायचं, नारळ देण्याची रीतच अशी असते.

तात्या हसत होते. ते हसणं जास्त झोंबलं. "अगो, जुनी रहाटी आसा, गावची रीत. मनार घेव नको. आमी काय आता जात मानतो? तुझ्या बापाशीक इचार, माझ्याकडे चाय पिता तो."

"खंय बसान पिता?" मी विचारलं.

कुठे बसून, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मंडपातून तो गोव्यातला ओरडला, "ग्रॅज्युएट झाली मां, आता कंबर वाकणा नाय तिची!" लोक खो खो हसले.

"तात्यानू, नारळ हातात द्या. नायतर रवांदे, माका नको."

तात्यांनी माइक खाली केला. समजुतीच्या सुरात हळूच म्हणाले, "माका पालखी उठवची आसा गो. शिवलंय तर परत न्हावक व्हया."

माइक चालूच होता. मला शिवलं तर परत आंघोळ, हे कर्ण्यावरून सगळ्या गावाने ऐकलं. कोणी दचकलं नाही. एकही माणूस नाही.

आणि मग बाबा पुढे आले. साठीचा माणूस. ढोल एका हाताने सावरत वाकले, नारळ आणि शाल उचलली, कपाळाला लावली. माझ्या वतीने. माझ्याकडे बघितलं नाही. "वाजव रे," तात्या म्हणाले. बाबांनी ढोल वाजवला.

काळ बदलला म्हणतात. बदलला ना! पूर्वी तोंडावर सांगायचे, लांब रव. आता बॅनरवर फोटो छापतात, गावच्या ग्रुपवर 'गावची शान' लिहितात, शाल आणतात, आणि मग लांब ठेवतात. पूर्वी निदान आमच्याकडून टाळ्या मागत नव्हते.

घरी बाबा एवढंच बोलले, "मान गेलो तर गावात आमका कोण इचारतलो?"

"आता कोण इचारता?" मी म्हटलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

नाही तर नाही. माझा भाऊ कुडाळला दुकानात कामाला आहे. बाबांनंतर ढोल त्याच्या गळ्यात यायचा. मी त्याला सांगितलं, घ्यायचा नाही. तो घेणार नाही. एवढं ठरलंय.

गावाला वाटतं, ही आता नोकरी बघून मुंबईला जाईल, विषय मिटेल. मी जाणार नाही. इथेच राहणार आहे. जो कोणी मला खाली थांब म्हणेल, त्याला मी कारण विचारणार. चारचौघांत. जातीचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेईपर्यंत.