ताम्फूने घडवलेला बिबट्या

बामेंडाच्या रस्त्यावर मातीकाम करणारी घरं पुष्कळ आहेत, पण आमच्या ताम्फूएवढा पोकळ माणूस एकाही घरात सापडायचा नाही. कारागीर? आहे ना. बेडकाच्या पोटाची बाई, कोळ्याच्या पायांचा म्हातारा, असली रूपं मातीत घडवायला त्याचा हात बरा चालतो. बेडूक म्हणजे लेकरंबाळं, कोळी म्हणजे शहाणपण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हा गडी ते अशा थाटात समजावणार, की जगातला पहिला बेडूक यानेच जन्माला घातला!

त्याला ध्यास एकच: टोपीत लाल पीस. राजाने स्वतःच्या हाताने खोवलेलं, मानकऱ्याचं. त्यासाठी राजवाड्यात तो इतका वाकायचा, की मला वाटे, याचा कणा आईने घरीच ठेवून घेतला असावा.

शेवटी त्याने राजासाठी मूर्ती घडवली. धड बिबट्याचं, तोंड राजाचं. बिबट्या फक्त राजाचा, दुसऱ्या कुणाला तो जोडायचा नाही. मूर्ती देखणी झाली, हे नाइलाजाने कबूल करतो.

बायको बेरी म्हणाली, "अहो, शेपटीखाली भोक पाडा. आतली वाफ जाणार कुठून?"

"राजाच्या अंगाला भोक? आणि तेही तिथे? जिभेला काही हाड?"

"मग तोंड तरी उघडं ठेवा."

"राजा काय जांभया देतो?"

मी कुंपणाशी ताडी पीत बसलो होतो. म्हटलं, "ताम्फू, भोकांवाचून राजाचंसुद्धा चालत नाही रे!" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या मडक्यात थुंकलो.

भाजायच्या दिवशी त्याने राजवाड्याचा दूत विर्बा यालाच बोलावून आणलं. गवत पेटलं, साली पेटल्या. ताम्फू शेजारी उभा राहून राजाची स्तुती गात होता. आणि धडाम! राजाचं मुंडकं आगीतून उडालं आणि गडगडत थेट विर्बाच्या पायाशी.

आता, आमचा राजा मरत नसतो. तो फार तर दिसेनासा होतो. त्याहून जास्त कुणी बोलत नाही. आणि इथे त्याचं मुंडकं काजळी माखून धुळीत पडलेलं!

"हे तोंड कुणाचं?" विर्बाने हळूच विचारलं.

"माझं! माझंच आहे, दादा!"

"अस्सं. आणि बिबट्याचं धड? तेही तुझंच?"

बघायला जमलेल्या बायका हसत होत्या, त्या थांबल्या. बिबट्यावर स्वतःचं तोंड बसवणाऱ्याला गावाबाहेर काढतात.

"बिबट्या कुठला, दादा? मांजर आहे ते!"

"ठिपके आहेत."

"ठिपक्यांचं मांजर! आमच्या घरचंच! बेरी, सांग ना गं!"

"हो, घरचंच," बेरी म्हणाली. "फक्त उंदीर धरत नाही."

विर्बा राजवाड्यावर परतला. पुढच्या बाजाराच्या दिवशी निरोप घेऊन आला: राजाला मांजराची गोष्ट फार आवडली, ताम्फूच्या तोंडाचं तसंच एक नवं मांजर करून मक्याच्या कोठारापाशी ठेवावं.

"आणि माझं पीस?" या निर्लज्जाने तरीही विचारलंच.

"मांजराला पीस देत नाहीत," विर्बा म्हणाला. "ते खाऊन टाकतं."

हल्ली ताम्फू ताडीच्या गुत्त्यात बोडकी टोपी घालून बसतो आणि नव्या माणसाला सांगतो, की मांजर हे संयमाचं थोर प्रतीक आहे. मी त्याचा पेला भरत राहतो. एवढा खासा मूर्खपणा कोरड्या घशाने बोलायला लावू नये.