पडद्यावरचं एकटं मत

मंगळवारी औशाच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात एक मजा झाली. अकरावी सायन्सला मी पहिल्यांदाच मोबाईलवर मतदान घेतलं... आणि फिजिक्सच्या तासाला चक्क आरडाओरडा झाला!

आमची पोरं लाजाळू. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग "हाव मॅडम" म्हणतो, आणि पेपर तपासताना कळतं की कुणालाच काही समजलेलं नव्हतं. लातूरला एका ट्रेनिंगमध्ये लाईव्ह पोल पाहिला तेव्हापासून डोक्यात होतं... प्रश्न पडद्यावर, उत्तर मोबाईलवर, आणि कुणाचं मत कुठलं ते कुणालाच दिसत नाही.

पण कॉलेजात मोबाईलला बंदी. प्राचार्य सर मराठी शिकवतात, शिस्तीचे भलते कडक. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले तेव्हा म्हणाले, "एक तास देतो. गोंधळ दिसला की बंद."

मोबाईल सगळ्यांकडे कुठले? एका बाकाला एक मोबाईल, एक मत असं ठरवलं. तिसऱ्या बाकावर पल्लवी आणि नाझनीन बसतात, दोघींकडेही नव्हता. त्यांना माझा जुना, काचेला तडा गेलेला फोन दिला.

प्रश्न साधा होता. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच जागी पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलायचा दर, किती? शून्य, की खाली येताना असतं तेवढंच?

पडद्यावर पट्ट्या हलायला लागल्या. 'शून्य'ची पट्टी वाढतच गेली... आणि दुसऱ्या पट्टीवर एकच मत. मागून कुणीतरी ओरडलं, "कोण हाय रे हा येडा?" वर्ग खदाखदा हसला.

मी मात्र हसले नाही. कारण ते एकटं मत बरोबर होतं.

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं... पण गिळलं. म्हटलं, "पाच मिनिटं देते. शेजारच्या बाकाला तुमचं उत्तर पटवून द्या. पटलं की मत बदला."

आणि झाला की गोंधळ! मी बाकांमधून फिरत होते. तिसऱ्या बाकाजवळ पल्लवी वैतागून म्हणत होती, "तू मला न विचारता दुसरं बटण कशाला दाबलंस गं?"

नाझनीनचे अब्बा बसस्टँडजवळ शिलाई मशीन दुरुस्त करतात. पोरगी हुशार असावी असं वाटायचं, पण कळणार कसं? जूनपासून हजेरीशिवाय तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. आता मात्र तिनं खोडरबर वर उडवलं आणि पल्लवीला म्हणाली, "वर जाऊन थांबलं, हाव ना? मग तिथंच लटकत का न्हाई राहिलं? खाली कोण आणलं त्याला?"

पल्लवीनं खोडरबर उचललं. मग हळूच म्हणाली, "पृथ्वीनं."

"मग वर गेल्यावर पृथ्वी सुट्टीवर गेली का?"

पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या. मग मागचे वाकले. खोडरबर या बाकावरून त्या बाकावर उडायला लागलं. मी पडद्याकडे बघितलं तर शून्याची पट्टी आखडत होती आणि दुसरी लांबत होती... एकेक बाक करत.

नेमके तेव्हाच दारात प्राचार्य सर! खोडरबर पटकन कुणाच्या तरी मुठीत गेलं. मला वाटलं, संपलं आता.

सरांनी पडद्यावरचा प्रश्न सावकाश वाचला. "चेंडू थांबलाय ना? मग शून्यच की."

"न्हाई सर!" अख्खा वर्ग एकदम. सर दचकले. "मग? कोण सांगतं मला?"

सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. नाझनीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. क्षणभर वाटलं, बसेल खाली... पण बोलली. आधी बारीक आवाजात, मग नीट. वेग शून्य होतो सर, पण ओढ संपत न्हाई, असं.

सरांनी टेबलावरचा खडू उचलला, वर उडवला, झेलला. पुन्हा उडवला. म्हणाले, "आम्हाला असं कुणी सांगितलं असतं तर मी मराठीकडे वळलो नसतो." वर्गात हशा... आणि जाता जाता मला, "पुढचा तास कधी घेताय?"

आज मधल्या सुट्टीत नाझनीन स्टाफरूमच्या दारात उभी होती. "मॅडम, एक शंका हाय. येऊ का आत?"

शेजारची खुर्ची ओढून दिली. एक सोडून तीन शंका निघाल्या, चहा गार झाला. इतकी वर्षं शिकवतेय, पण गार चहा इतका गोड कधी लागला नव्हता... थँक्यू, पोरी.