सहीचं रजिस्टर

बायकांसाठी जागा राखीव झाली म्हणून मी ग्रामपंचायतीत निवडून आले. जाफराबादकडच्या आमच्या गावात सभेला मात्र माझ्याऐवजी नवराच जायचा. सभा संपली की शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि मी पिठाचे हात पदराला पुसून सही करायचे.

एकदा डोकं सणकलं आणि मी थेट सभेत गेले. माझ्या खुर्चीत नवरा बसला होता. म्हणाला, "तू कशाला आलीस? रजिस्टर घरी आलं असतं की." कुणी बिलकुल उठलं न्हाई. मी उभ्यानंच सही केली आणि परत आले. अजून आठवलं की एका जागी बसवत नाही; अंगणात येरझाऱ्या घालते.

आता निम्म्या जागा बायकांच्या झाल्यात. यंदा सून निवडून आली. पहिल्या सभेला मुलगा कपडे करून निघाला, तशी ती त्याला म्हणाली, "तुम्ही ऱ्हावा घरी. मी चालले."

एवढं एक वाक्य मला त्या वेळी बोलता आलं नव्हतं. आणि आता माझ्या तोंडून काय निघावं?

"मंग भाकरी कोण टाकणार?"