आधी बाबांचं उघडू दे

ताईला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा, भावजय म्हणायची, आणि ज्या हॉस्पिटलचं काम ती घरी बसून करायची तिथले वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. काम म्हणजे डॉक्टरांनी घाईघाईत बोलून ठेवलेलं ऐकून टाइप करायचं. रुग्णाला काय झालं होतं, काय उपचार केले, घरी गेल्यावर कोणती औषधं. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे सरकायचा, सोडलं की थांबायचा. पन्नाशी उलटल्यापासून तिची मान कायम धरलेली असायची आणि उजवा पाय झोपेतही हलायचा.

घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा जीव लिनक्स या प्रणालीवर, आणि ताईचं पेडल विंडोजशिवाय चालायचं नाही. म्हणून बाबांनी एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही बसवली होती. कॉम्प्युटर सुरू केला की एक यादी यायची. त्यातलं हवं ते बाणाने निवडायचं. कोणी काहीच निवडलं नाही, तर थोडं थांबून आपोआप विंडोज उघडायचं. हेही बाबांनीच ठरवलेलं.

"तुझं पोटाचं काम, माझी हौस," ते म्हणाले होते. "हौसेने एखादं बटण जास्त दाबलं तर कुठे बिघडलं?"

मग बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. पण सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसायचं तेवढं सुटलं नाही. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत दोन-चार आज्ञा टाइप करायच्या, विद्यार्थ्यांसाठी कधीकाळी लिहिलेले प्रोग्राम उघडून वाचायचे, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा. तेवढ्यावर त्यांची सकाळ शांत जायची. त्या वेळात ताई स्वयंपाक उरकायची.

पुढे पुढे यादी आली की ते तिच्याकडे नुसते बघत राहायचे. तेवढ्यात विंडोज उघडायचं. "हे माझं नाही," म्हणत ते बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा तेच. ताई पोळपाट सोडून, पिठाचे हात घेऊन धावायची. कधी वेळेत पोचायची, कधी नाही. भावाने जुना लॅपटॉप पाठवला, त्यात फक्त लिनक्स घालून. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना तेच टेबल हवं होतं, तोच कीबोर्ड.

एका सकाळी विंडोज स्वतःची काहीतरी डागडुजी करत बसलं होतं आणि बाबांनी मधेच बटण दाबलं. त्यानंतर ते धड सुरूच होईना. ते दुरुस्त करण्यात ताईचा दिवस गेला. हॉस्पिटलमधून फोनवर फोन. शेवटी ती बाबांवर ओरडली, अगदी घसा फाटेस्तोवर.

बाबा उभे राहिले. "माफ करा, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं, हे माझंच टेबल आहे."

ताई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या शेजारी खुर्ची ओढली, लिनक्स उघडून दिलं आणि विचारलं, "बाबा, आधी कोणतं उघडायचं, ते कुठे बदलतात?"

बाबांचा चेहरा एकदम वर्गातला झाला. "एक फाइल असते. तिच्यात आकडा बदलायचा. पण नुसता बदलून भागत नाही. बदल लागू करायची आज्ञा द्यावी लागते. पोरं तेच विसरतात."

फाइल त्यांनीच उघडून दिली. पण आकडा बदलून साठवायला पासवर्ड हवा होता.

"काय आहे पासवर्ड?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांच्या बोटांनी तो टाइप करून टाकला. पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटला नाही.

"काहीच दिसलं नाही, बाबा."

"दिसत नसलं तरी आत जातंय."

लिनक्स यादीत पहिलं होतं, म्हणून ताईने एक लिहिलं, आज्ञा दिली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तर भलतीच दुसरी यादी समोर आली. बाबा खो खो हसले. किती महिन्यांनी!

"मोजणी शून्यापासून गं! एक म्हणजे दुसरं. हे तर पहिल्याच तासाला सांगतो मी."

शून्य लिहिलं, पुन्हा आज्ञा दिली. बाबांचं आपोआप उघडलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ते सरळ कामाला लागले.

भाऊ फोनवर वैतागला. "ताई, उलटं कशाला केलंस? काम तुझं आहे. तू कमावतेस."

"मला बाण दाबता येतो."

"आणि विसरलीस तर?"

"तर पुन्हा बंद करीन, पुन्हा सुरू करीन. तू इथे येऊन चार दिवस राहा, मग मला शिकव."

"बघतो," म्हणून भावाने फोन ठेवला. आला मात्र नाही.

ती विसरायचीच. कॉम्प्युटर सुरू करून पाण्याचा ग्लास आणायला वळली की बाबांचं उघडलेलं असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. कंबरेत कळ, मनात चरफड. पण सकाळची धावाधाव संपली. पोळ्या करपायच्या थांबल्या. बाबांचे वाईट दिवस यायचे ते येतच राहिले. त्या दिवशी ते काळ्या खिडकीसमोर नुसते बसायचे, काहीही न लिहिता. तरी बटणं दाबत नव्हते, कोणाची माफी मागत नव्हते. ताईने स्वतःचं काम दुपारवर ढकललं आणि सकाळचा चहा ती खुर्चीत बसून, गरम असताना प्यायला लागली.

महिनाअखेरीस हॉस्पिटलच्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमच्या फाइली हल्ली फार उशिरा येतात हो."

"हो," ताई म्हणाली. "आता अशाच येतील."

मग बाई म्हणाल्या, बरं, घाईचं काम दुसऱ्या कोणाला देते, आणि फोन ठेवला. ताईने हेडफोन चढवले आणि पेडलवर पाय ठेवला.