बर्फावरचे दांडगे आणि चारुदत्त सबनीस

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी चारुदत्त सबनीसवर थोडं लिहा, असं त्याच्या मुलीनं, लीनानं मला सांगितलं. मी आयुष्यात बँकेच्या पत्रांखेरीज काही लिहिलेलं नाही, आणि त्यांचाही मजकूर ठरलेला असे. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. चारुदत्तनं मला नेहमीच सांभाळून घेतलं.

त्याचे आजोबा नागपूरकडून कलकत्त्याला आले. चारुदत्त बागबाजारात जन्मला, मराठ्यांना अडवायला खणलेल्या खंदकाच्या तोंडाशी. "खंदक बुजवला नसता, तर आजोबा अजून पलीकडेच उभे असते," असं तो म्हणे. नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये. अंगानं काडी, त्यात दमा, पण आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्याच्या मराठीत निम्मं बंगाली असे. आम्ही बदलीवर आलेले पुण्यामुंबईचे लोक ती ऐकून हसत असू. त्यामुळे गणेशोत्सवाच्या नाटकात त्याच्याकडे पडदा ओढायचं काम असे. "मला बोलायला कधी देणार?" असं तो दरवर्षी विचारी. अध्यक्ष श्यामराव दरवर्षी "बघू" म्हणत.

माझी मराठी शुद्ध होती. मात्र चारचौघांत ती घशातून वर येत नसे.

त्रेपन्न साली कॅनडाचा गहू घेऊन आलेल्या बोटीवरच्या मॅकलाउड नावाच्या इंजिनिअरनं चारुदत्तला जुन्या मासिकांचा गठ्ठा दिला. त्यात बर्फावरच्या हॉकीची छायाचित्रं होती. बुटांना पाती लावलेले धिप्पाड गडी काठ्या टाकून एकमेकांना बुकलत होते. वाचून आम्हाला एवढंच उमगलं, की तिकडे संघात एखादा दांडगा असतो. आपल्या नाजूक खेळाडूला कुणी हात लावला, की त्यानं जाऊन समाचार घ्यायचा. चारुदत्तला वेडच लागलं. दर रविवारी त्याच्या ओट्यावर आमचा वाद, की या सगळ्यांत खंबीर कोण. गल्लीतले लोक फुटबॉलच्या मोहनबागान आणि ईस्ट बेंगॉलवरून भांडत, पण ते निदान सामने बघून येत. मला बर्फ माहीत होता तो भुशात गुंडाळून येणारा.

खेळाडूंची नावं उच्चारता येईनात, म्हणून आम्हीच त्यांचं बारसं केलं. त्याचा तो नाकमोड्या, माझा दातपडक्या.

"मार खातो म्हणून दात पडलेत त्याचे," चारुदत्त म्हणे.

"आणि तुझ्याचं नाक काय अत्तर हुंगून मोडलं?"

"आरे बाबा, त्याचा मान तर बघ."

असं म्हणून तो एक छायाचित्र पुढे करी. बाकीचे खेळाडू एका बाकावर दाटीवाटीनं बसलेले. नाकमोड्या मात्र मैदानाच्या कडेला, लाकडी कठड्याच्या आत, एकटा. शेजारी गणवेशातला माणूस. मुद्दा बिनतोड होता. आमच्या मंडळात वेगळी खुर्ची आणि शेजारी बिल्ला लावलेला स्वयंसेवक हे फक्त प्रमुख पाहुण्यांना मिळे. मी सतरंजीवर बसणारा.

पुढच्या गणेशोत्सवात वादविवादाला विषय मिळेना. चारुदत्तनं हा पुढे केला.

"देतो," श्यामराव म्हणाले. "पण हसं झालं, तर पुन्हा बोलायचं नाव काढायचं नाही. कायमचं."

"चालेल," चारुदत्त म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "विनायक, माझ्याविरुद्ध तू."

"मी कशाला?"

"तुझ्याहून वाईट बोलणारा मंडळात दुसरा आहे कोण?"

हे कारण मला पटलं.

मॅकलाउडची बोट तेव्हा पुन्हा गोदीत होती, म्हणून प्रमुख पाहुणा तोच. त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून चारुदत्तनं मासिकातलं पाहून व्यासपीठाच्या कडेला बाकं उभी करून कठडा रचला, आत खुर्ची ठेवली आणि शेजारी बिल्ला लावून मंडळातल्या शशिकांतला उभं केलं. हार घातलेला मॅकलाउड आत बसला. त्यानं कठड्याकडे पाहिलं, शशिकांतकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"मी कुणाला मारलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"म्हणजे?" चारुदत्त म्हणाला.

"अहो, ही शिक्षेची जागा. मारामारी करणाऱ्याला खेळातून काढून इथं बसवतात. शेजारचा माणूस लक्ष ठेवायला."

पुढच्या रांगांना इंग्रजी येत होतं. त्यांनी मागच्यांना सांगितलं. हसू दारापर्यंत पोचलं. चारुदत्तचा चेहरा उतरला; त्याचं सगळं भाषण त्या मानावरच उभं होतं. तेवढ्यात श्यामरावांनी घंटा वाजवून माझं नाव पुकारलं.

मी लांबण लावली असती, तर त्याला विचार करायला वेळ मिळाला असता. मी म्हणालो, "अध्यक्षमहाराज, दातपडक्या खंबीर आहे. त्याचे दात पडलेले आहेत." पुढचं पाठांतर कुठे गेलं कोण जाणे. मी नमस्कार करून खाली बसलो.

चारुदत्त उठला. भाषणाचे कागद त्यानं खिशात घातले.

"मंडळी, नाकमोड्याला तुरुंगात टाकलेलं, आणि मी वर्षभर त्याला सिंहासनावर बघत होतो," तो म्हणाला. लोक हसले. त्यानं त्यांना हसू दिलं. "तरी खंबीर तोच. मारलं की सगळ्या गावापुढे कठड्यात बसावं लागणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी आपल्या माणसाला कुणी ढकललं, की तो उठतो. बाहेर आला, की परत उठतो. आपल्यात साहेबानं शेजारच्याला झापलं, तर कोण उठतो? सगळे फाइलीत तोंड घालतात. माझ्यापुढे फाइल नसली, तर मी मागवून घेतो."

मधेच तो दोन-तीन वाक्यं सरळ बंगालीत बोलून गेला. त्यावर कुणी हसलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा बायकांमधून प्रेमलताबाई म्हणाल्या, "बोलू द्या हो त्यांना." श्यामरावांनी घंटा खाली ठेवली.

पहिलं बक्षीस मला मिळालं, कारण वेळेत फक्त मी संपवलं होतं. असा विजय माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

मंडळी पांगल्यावर चारुदत्त बाकं उचलत होता. श्यामराव त्याच्यापाशी गेले.

"पुढच्या नाटकात फौजदार आहे. दोन पानं बोलायचं आहे. करशील?"

"माझं मराठी असं."

"असू दे."

त्यानं फौजदार केला. पहिल्याच प्रवेशात चोरावर असा ओरडला, की त्याला खोकल्याची उबळ आली, आणि चोर झालेल्या शशिकांतनं फौजदाराला पाणी पाजलं. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. त्यानंतर तब्येतीनं साथ दिली तोवर चारुदत्त प्रत्येक नाटकात बोलला. श्यामरावांनंतर आलेले अध्यक्ष साताऱ्याकडचे होते. चारुदत्तची मराठी म्हणजे नागपूरची अस्सल बोली, अशी त्यांची समजूत झाली, आणि आम्ही कुणी ती दूर केली नाही.